जिवंतपणी ल्याव, मेल्यावर चांग

३ मार्च

दवाखान्यातल्या डॉक्टरने आज ही वही हातात दिली. "मावशी, रोज लिहून ठेवत जा. खोकला किती, दम किती, झोप लागली का." मी म्हटलं, मला दुसरी कामं नाहीत का? तर म्हणतो, "मग मी औषध कशावरून ठरवू? काकांना विचारलं की ते 'बरं आहे' एवढंच म्हणतात." हे मात्र खरं. लग्न झाल्यापासून ह्या माणसाच्या तोंडून 'बरं'च्या पुढे शब्द काढायचा म्हणजे खडकातून पाणी काढायचं.

तर लिहिते. खोकला: आहे. दम: जिना चढताना लागतो. झोप: मी स्वतः झोपले होते, मला काय माहीत.

फुप्फुसांत दगडाची भुकटी बसली आहे म्हणे. बसेल नाहीतर काय होईल? आमचं थडग्यांच्या दगडांचं दुकान. माझा नवरा मौ अक्षरं कोरतो, मी त्यांत रंग भरते. मी किती वेळा सांगितलं, तोंडाला फडकं बांध. बांधायचा, आणि पाच मिनिटांत गळ्यात उतरवायचा. आता डॉक्टर म्हणतात, छिन्नीला हात लावायचा नाही. घरी आल्या आल्या मी शेडला कुलूप घातलं आणि चहा टाकायला गेले. चहा घेऊन येते तर साहेब शेडमध्ये. दुसरी किल्ली होती त्याच्याकडे. मी खूप बोलले. तो म्हणाला, "बरं."

रंग मात्र आज छान बसला. खालच्या आळीतल्या म्हातारीचा दगड होता. नवरा गेला, ती आहे. म्हणून त्याचं नाव काळं आणि तिचं सगळं लाल. जिवंत माणसाचं नाव लाल रंगातच ठेवायचं. आणि गेलेल्याचंही आडनाव लालच राहतं, कारण माणूस मरतो, आडनाव मागच्यांत चालू राहतं. हे मला माझ्या आजोबांनी शिकवलं. त्यांच्या वेळेपासूनचा ब्रश आहे माझ्याकडे, त्याचे केस तेवढे मी बदलले.

९ मार्च

आज बाबा आले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत, पण काठी आपटत चढ चढून येतात. आल्याबरोबर म्हणाले, "सूझेन, तुझ्या नवऱ्याचं काम झालं."

मला तर रडूच फुटलं. दोन वर्षं मी ह्यासाठी भांडत होते. आमच्या ल्याव कुळाची वंशावळ नव्याने छापली जातेय, बाबा त्या मंडळाचे प्रमुख. घरजावयांची नावं त्यात कोपऱ्यात बारीक अक्षरांत टाकायची रीत आहे. मी म्हटलं, का म्हणून? ह्या गावातल्या निम्म्या थडग्यांची अक्षरं माझ्या नवऱ्याने कोरली. आता मंडळाने ठरवलं: मौ गेल्यावर त्याची नोंद चांग म्हणून होणार, समोरच्या टेकडीवर भाऊबंदांच्या रांगेत त्याला जागा मिळणार.

बाहेरच्या माणसाला हे सांगायला गेलं की त्याचं डोकं फिरतं. आमचं सगळं गाव ल्याव आणि आमच्या टेकडीवरचं प्रत्येक थडगं चांग. फार जुनी गोष्ट आहे. एका ल्यावला एकुलती एक मुलगी होती. तिच्यासाठी चांग घरातला मुलगा घरजावई म्हणून आणला. सासऱ्याने त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. मरताना हा जावई आपल्या मुलाला म्हणाला, "ह्या घराचं अन्न खाल्लंय, तेव्हा जिवंत आहात तोवर ल्याव म्हणवून घ्या. पण मेल्यावर मला माझं नाव परत द्या. तुम्हीही घ्या." तेव्हापासून आम्ही जिवंतपणी ल्याव आणि मेल्यावर चांग. चांगांशीही सोयरीक करत नाही आणि ल्यावांशीही नाही. आमचे लोक तैवानपर्यंत गेले, तिकडेही म्हणे हेच.

बाबा मौला म्हणाले, "काय रे, तोंड उघड की! आतापर्यंत एकाही परक्याला हा मान मिळालेला नाही."

मौ म्हणाला, "बरं."

मला इतका राग आला! बाबा गेल्यावर म्हटलं, "अरे माणसा, आनंद झाला असेल तर हस तरी." तो हसला. मग खोकल्याची उबळ आली आणि तेवढ्यावरच राहिलं.

लग्न ठरलं तेव्हाचा करार आज उगाच आठवला. पहिलं मूल ल्याव, दुसरं मौ. बाबांनीच पाच माणसांसमोर कबूल केलं होतं. पण पहिला मुलगा झाला, आणि तेव्हाच्या सरकारी नियमाने ज्यांना पहिला मुलगा त्यांना दुसऱ्याची परवानगी नव्हती. त्यावर मौ तेव्हाही एक शब्द बोलला नाही. मी समजले, त्याला त्याचं काही नाही.

४ एप्रिल

आज थडगी झाडायचा सण. सगळं गाव समोरच्या टेकडीवर. गवत काढलं, पूर्वजांना पोचवायचा कागद जाळला, फटाके लावले. आईच्या थडग्यावर मी तिला आवडणारी भाताची गोड वडी ठेवली. आईच्या दगडाशेजारी मोकळी जागा आहे, माझ्यासाठी आणि मौसाठी. मी तिला सांगितलं, "आई, सगळं ठरलं बरं का."

मौ नेहमीप्रमाणे आमच्याबरोबर आला, खाली बसून गवत उपटलं, आणि मग नेहमीप्रमाणे नाहीसा झाला. कुठे गेला हे मला पाठ आहे. गावाबाहेर तीन रस्ते मिळतात तिथे खडूने गोल काढतो, वायव्येकडे तोंड करून कागद जाळतो. त्याचं गाव मोठ्या नदीकाठी होतं. धरण झालं, पाणी चढलं, गाव गेलं. थडगी, पूर्वजांचा वाडा, संत्र्यांची बाग, सगळं पाण्याखाली. माणसांना दहा ठिकाणी नेऊन बसवलं. एक चुलतभाऊ तिकडे समुद्राजवळ कुठे, एक वाळवंटाच्या बाजूला. आधी फोन यायचे, आता येत नाहीत.

मी त्याला शोधत गेले, कारण धूर त्याला चालत नाही. बाबाही मागून आले. वारा उलटा होता, राख सगळी त्याच्याच अंगावर उडत होती. बाबा म्हणाले, "अरे, पाण्यात कागद कसा पोचायचा? भिजून जाईल." ते गमतीने म्हणाले, पण मला ते आवडलं नाही.

मौ म्हणाला, "पोचतो. हळू पोचतो."

येताना बाबा वंशावळीचं सांगत सुटले. चांगांच्या मूळपुरुषाने धनुष्य शोधून काढलं, राजाने खूश होऊन नाव दिलं. ल्याव तर राजाचेच वंशज. ली, वांग, चन, कुणाचंही काढा, मुळाशी राजा नाहीतर सेनापती. मौ चालता चालता थांबला, दम खाल्ला आणि म्हणाला, "सगळ्यांचेच पूर्वज राजे होते, तर मग भात कोण शिजवत होतं?"

बाबासुद्धा हसले. म्हणाले, "आणि तुझे मौ कोण रे?"

"पूर्वेकडे मौ नावाचं एवढंसं राज्य होतं. शेजाऱ्यांनी गिळलं. राज्य गेलं तेव्हा लोकांनी त्याचंच नाव उचललं आणि निघाले." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आमचं दुसऱ्यांदा बुडालं."

एका दमात इतकी वाक्यं! मी मनात म्हटलं, आज तब्येत बरी दिसतेय. खोकला मात्र राखेने वाढला. डॉक्टरला सांगायला हवं.

२१ एप्रिल

पुन्हा शेडमध्ये. आता रोजच. मी कुलूप लावायचं सोडून दिलं, कुलपाला काय अर्थ उरलाय! ओलं फडकं बांधतो, दगडावर पाणी मारतो, दोन अक्षररेषा कोरतो आणि स्टुलावर बसून राहतो. कोपऱ्यातल्या मोठ्या काळसर दगडावर काम चाललंय, तो चांगला म्हणून आम्ही कित्येक वर्षं कुणाला विकला नव्हता. मी गेले की ताडपत्री ओढतो.

"कुणाचा आहे रे?"

"डोंगरापलीकडच्या एका म्हाताऱ्याचा."

"मला न विचारता ऑर्डर घेतलीस? एवढा चांगला दगड?"

"घाई नाहीये त्यांना."

"जोडीचा आहे का?"

"हो. त्याची बाजू कोरतोय. बायकोचं अजून ठरत नाहीये."

मी म्हटलं, "कमालच आहे बाईची! नवऱ्याशेजारी झोपायचं त्यात ठरवायचं काय? सांग त्यांना, आमचा माणूस आजारी आहे, लवकर काय ते सांगा."

तो म्हणाला, "सांगेन."

६ मे

मुलगा हायफंग आणि सूनबाई सुट्टीला आले. माझा हायफंग शहरात जाऊन गोरा झालाय. सूनबाईला सातवा महिना. मी बदक कापलं, आल्यात शिजवलं. मौसाठी वेगळी वाटी तिखट. इतकी वर्षं इथे राहूनही आमचं जेवण त्याला पाणचट लागतं.

जेवताना मौने हायफंगला विचारलं, "नाव काय ठेवणार?"

मला नवल वाटलं. हा कधी काही विचारत नाही.

हायफंग म्हणाला, "आजोबांनी वंशावळीतून ह्या पिढीच्या सगळ्यांच्या नावात येणारं अक्षर काढून दिलंय. ल्याव तर आहेच, पुढे ते अक्षर, मग एक आमच्या पसंतीचं."

"छान," मौ म्हणाला. भात तसाच ठेवून उठला आणि शेडकडे गेला.

सूनबाई त्याच्याकडे बघत राहिली. भांडी घासताना मला म्हणाली, "आई, बाबांचं आडनाव कुणालाच नाही का?"

"नाही. आमच्यात तसंच असतं."

"मग त्यांना काही वाटत नाही?"

मी जरा तोडूनच बोलले. म्हटलं, "त्यांना काय वाटायचंय? ते तर आता चांग होणार. असा मान कुणाला मिळतो?" बिचारी पुन्हा भांड्यांना लागली. नंतर मीच जाऊन तिला नासपती कापून दिली.

हायफंगला मात्र मी बाजूला घेऊन विचारलं, सहज आपलं. "मौ लावलंस बाळाला तर?" तो म्हणाला, "आई, शाळेत, बँकेत, प्रत्येक ठिकाणी लोक विचारणार, हे कुठलं आडनाव. आणि आजोबा माझी चामडी सोलतील." हेही खरंच. विषय मी तिथेच सोडला. मौला ह्यातलं काही सांगितलं नाही, उगीच कशाला.

जाताना हायफंग म्हणाला, "बाबा, आता काम बंद करा." मौने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मुलगा एवढा मोठा झाल्यावर कोण असं करतं?

१९ जून

वजन फार उतरलंय. सकाळी ओठ निळसर. तरी हट्ट, "मला जुन्या खाणीकडे ने." तिकडे मागच्या उतारावर आमची पहिली खाण होती, तिथेच तो कामाला आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. मी हातगाडीत गोधडी घातली आणि त्याला बसवून नेलं. वाटेत शेंगकाका भेटले, बाबांचे चुलतभाऊ. ओरडले, "काय सूझेन, नवरा विकायला काढलास की काय?" मी म्हटलं, "कोण घेतंय! गिऱ्हाईकच मिळत नाही." मौ गाडीत हसत होता.

वर गेल्यावर तो बराच वेळ बसून राहिला. म्हणाला, "इथून पाणी दिसतं."

दिसतं खरं. खाली तलाव आहे. मी म्हटलं, "पाण्यात काय बघायचं?"

"त्या म्हाताऱ्याचा दगड इथे लागणार आहे."

मी हबकलेच. "मागच्या उतारावर? अरे, इथे ज्यांना कुणी नाही त्यांना पुरतात. रस्त्यावर सापडलेले, बेवारशी. त्याच्या भाऊबंदांनी टाकलंय का त्याला?"

"टाकलं नाही. जागा मोकळी आहे इथे."

"आणि त्याची बायको येणार इथे? बाई, मी तर नसते आले."

त्याने खाणीतला एक खडा उचलून पाहिला. मग म्हणाला, "तू समोरच्या टेकडीवर. आईजवळ."

"मग आणखी कुठे? आणि तूही. दोन वर्षं मी कुणासाठी भांडले?"

"बरोबर आहे," तो म्हणाला. "तुझी आई तिथे आहे. तुझी जागा तिथेच."

उतरताना गाडी उतारच ओढत होता, पण ती आवरताना हात माझेच भरून आले. आज फार थकवा आलाय. दम: बसल्या जागीही लागतो.

११ जुलै

मुलगी झाली! दोघी ठीक आहेत. बाबा थोडे हिरमुसले, पिढीचं अक्षर मुलासाठी काढलं होतं, आता मुलीला दुसरं काहीतरी नाजूक नाव ठेवतील. मी फोन मौच्या कानाला लावला, तिकडे बाळ रडत होतं. तो ऐकत राहिला. मला म्हणाला, "आवाज चांगला आहे. फुप्फुसं चांगली आहेत."

२ ऑगस्ट

प्राणवायूचं मशीन दिवसभर चालू. शेड बंद आहे. मी त्याला विचारलं, त्या म्हाताऱ्याचा दगड झाला का? म्हणाला, "माझं झालं. रंग तू भर. घाई नाही."

"आणि त्या बाईचं?"

"राहू दे. जबरदस्ती नको."

पायांना सूज. खीर दोन चमचे घेतली. त्याने तिखट मागितलं, मी दिलं नाही. डॉक्टर नको म्हणाले होते.

९ ऑगस्ट

गेला.

तिखट द्यायला हवं होतं.

१२ ऑगस्ट

हायफंग राखेचा कलश घेऊन आला. पांढऱ्या कापडात बांधलेला. मी हातात घेतला तर गरम असेल असं वाटलं होतं, नव्हता.

बाबा आणि शेंगकाका कागद घेऊन आले. लाल कागदावर बाबांनी स्वतः ब्रशने लिहिलं होतं: चांग देयान. दगडावर कोरायला. अक्षर अजूनही काय सुंदर आहे बाबांचं! मी कागद बघत बसले आणि मला कळेना की हा कोण. चांग देयान म्हणून मी कुणाला ओळखतच नाही. मी जन्मभर त्याला मौ म्हणून हाक मारली. सगळं गाव मौ म्हणायचं. गावात मौ म्हटलं की एकच माणूस.

तरी मी "हो" म्हटलं. मान मोठा आहे. दोन वर्षं भांडून मिळवलेला आहे.

१३ ऑगस्ट

चांगला दगड शोधायला शेडमध्ये गेले. वाटलं, त्या म्हाताऱ्याला दुसरा देऊ, हाच काळा मौला घेऊ. ताडपत्री काढली.

उजव्या बाजूला कोरलेलं होतं: मौ देयान. खाली, त्याचं ते बुडालेलं गाव. आणि एका ओळीत: ल्याव सूझेनचा पती, ल्याव हायफंगचा पिता.

डावी बाजू कोरी. घासून घासून आरशासारखी गुळगुळीत केलेली. उभ्या रेषा पेन्सिलने आखून ठेवल्या होत्या, अक्षरं नव्हती.

मी काय काय बोलले होते त्याच्याशी. कमालच आहे बाईची, म्हटलं होतं. मी तर नसते आले, म्हटलं होतं. सगळं ह्या वहीत माझ्याच हाताने लिहिलेलं आहे. मी किती मूर्ख आहे ते बघायला डॉक्टर नको आणि कुणी नको, मागची पानं उलटली की पुरे.

मी तिथेच भुकटीत बसून मोठमोठ्याने रडले. हायफंग धावत आला, त्याने दगड वाचला, आणि तोही खाली बसला. म्हणाला, "मला एकदा तरी म्हणायचं होतं त्यांनी." मी म्हटलं, "विचारलं होतं की तुला. नाव काय ठेवणार म्हणून." त्याने तोंड झाकून घेतलं. त्याला तसं बोलायला नको होतं मी. पण बोलून गेले.

१५ ऑगस्ट

बाबांशी भांडण. असं भांडण आमचं कधीच झालं नव्हतं.

मी म्हटलं, दगड हाच लागणार. बाबा म्हणाले, "मौ हे नाव समोरच्या टेकडीवर लागणार नाही. तिथे सगळे चांग. मंडळाने एवढी मेहरबानी केली, आणि तू तोंडावर मारतेस?"

"बाबा, आपला मूळपुरुष कोण होता? घरजावईच ना? त्याने मरताना काय मागितलं? माझं नाव मला परत द्या, एवढंच ना? त्याचं मागणं इतकी शतकं सगळं कुळ डोक्यावर घेऊन नाचतंय, आणि ह्याने तेच मागितलं तर मेहरबानी?"

"त्याला मुलगा होता त्याच्या नावाचा हट्ट पुरवायला."

"ह्यालाही मिळायचा होता. तुम्ही पाच माणसांसमोर दुसरं मूल कबूल केलं होतंत."

"परवानगी कुणाला होती? मी काय करणार होतो?"

"काही नाही. पण बाबा, तुम्ही त्याला तेव्हा एकदाही म्हणाला नाहीत की तुझं राहून गेलं. मीही म्हटलं नाही."

बाबा काठीच्या मुठीवर हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "नियम मोडता येत नाही, सूझेन. आज मौ आला, उद्या आणखी कोणी."

"मग मागच्या उतारावर."

"बेवारशांमध्ये?" बाबांचा आवाज चिरकला. "लोक म्हणतील ल्यावांनी जावई टाकून दिला."

"म्हणू देत."

जाताना बाबांनी दारात थांबून विचारलं, "आणि तू? तुझी जागा तुझ्या आईजवळ आहे."

 मला अजून खरंच माहीत नाही.

२३ ऑगस्ट

मागच्या उतारावर कलश पुरला. फार माणसं आली नाहीत. हायफंग, सूनबाई बाळाला घेऊन, शेंगकाका आणि खाणीतले दोघे जुने कामगार. बाबा आले नाहीत. हायफंगने दगड उभा केला, सिमेंट भरलं. मी एका वाटीत तिखट ठेवलं, चांगलं लालभडक, तेल सुटलेलं.

मग रंगाची वेळ आली. देयान काळ्याने भरलं, नीट बसलं. मौ ह्या अक्षरापाशी आले आणि लाल डबा उघडला. शेंगकाका म्हणाले, "सूझेन, ते लाल नको. मागे त्या नावाचं कोणी असेल तर लाल. ह्याच्यामागे कोण आहे? काळंच भर. रीत तुला मी काय सांगायची, तू तर जन्मभर तेच केलंस."

ते वाईट मनाने बोलले नाहीत. रीत तशीच आहे. मी स्वतः निपुत्रिकांची आडनावं काळ्याने भरली आहेत, दोनदा विचारही केला नाही. पण माझ्याने ते अक्षर काळं करवेना. डबा बंद केला. मौ तसंच राहिलं, रंगाशिवाय, नुसता दगड.

सूनबाई माझ्याकडे बघत होती. तिने बाळाला दगडाजवळ नेलं आणि काहीतरी पुटपुटली. काय ते मी विचारलं नाही.

८ सप्टेंबर

सगळे गेले. घर खायला उठतं. मशीनचा आवाज नाही म्हणून झोप लागत नाही, हे कुणाला सांगून पटेल का?

आईच्या थडग्यावर जाऊन आले. तिला सगळं सांगितलं. ती जिवंतपणीही मला कधी नाही म्हणाली नव्हती.

३० सप्टेंबर

गेले तीन आठवडे मी टाकाऊ दगडांवर छिन्नी मारतेय. जन्मभर बघत आले, वाटलं होतं हात आपोआप चालेल. कसला चालतोय! अंगठ्यावर हातोडा बसून नख काळं झालंय. रेषा सरळ म्हणून येत नाही. फडकं मात्र मी घट्ट बांधते आणि सोडत नाही.

१९ ऑक्टोबर

आज झालं.

रोज छिन्नी-हातोडा घेऊन वर जात होते, दोन रेषा कोरून परत येत होते. त्याने आखलेल्या पेन्सिलच्या रेषा पावसाने पुसट झाल्या होत्या, पण दिसत होत्या. त्याने जागा अगदी मापात सोडली होती. डाव्या बाजूला आता माझं नाव आहे: मौ घरची, ल्याव सूझेन. अक्षरं वेडीवाकडी आहेत. त्याच्या अक्षरांशेजारी तर पोराने गिरवल्यासारखी दिसतात. दिसू देत. चांग सूझेन आता कुठेच होणार नाही, आईजवळची जागा रिकामी राहील. त्याचं वाईट वाटतं, नाही असं नाही. आज सकाळीही वाटलं.

मी लाल डबा उघडला. मी जिवंत आहे, म्हणून माझं नाव लाल, सगळंच्या सगळं. आधी 'मौ' भरलं. सावकाश भरलं, कोपऱ्यांपर्यंत. मग बाकीचं. मग ब्रश पुसला नाही, तसाच उजवीकडे नेला आणि त्याच्याही नावातलं 'मौ' लाल करायला घेतलं.

तेवढ्यात खालून काठीचा आवाज आला. बाबा. एकटे, एवढा चढ चढून. धापा टाकत होते, मी हात द्यायला गेले तर झटकला. दगडासमोर उभे राहिले. डावी बाजू वाचली, मग उजवी. किती वेळ वाचत होते कोण जाणे, अक्षरं तर थोडीच आहेत.

"आडनाव लाल?" बाबा म्हणाले. "कोण आहे त्याच्यामागे?"

"मी आहे," म्हटलं.

बाबांनी मान खाली घातली. माझा रंगाचा डबा उतारावर कलत होता, तो त्यांनी वाकून उचलला, आणि मी ते 'मौ' पुरं करेपर्यंत हातात धरून उभे राहिले.